छायेविना छायाचित्र

काही महिन्यांपूर्वी आमच्या परिसरातील एका सभागृहात छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. विषय मोठा आकर्षक होता: मुंबईचे रोजचे जीवन. दादरचा फुलबाजार, महालक्ष्मीचा धोबीघाट, भुलेश्वरची गजबजलेली गल्ली, खोताच्या वाडीतील लाकडी सज्जे, क्रॉफर्ड मार्केटबाहेर आपल्याच पाटीत अंग दुमडून झोपलेला हमाल अशी चाळीसेक चित्रे भिंतींवर मांडलेली होती. छायाचित्रकार सारे तरुण, उत्साही आणि मेहनती. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केले. पहिल्या फेरीत आम्हीही वाहवा केली.

दुसऱ्या फेरीत मात्र आमची पावले अडखळली. एकेका चित्रापुढे उभे राहून आम्ही मनाशी विचारले, ही वेळ कोणती? सकाळ की दुपार? आणि कोणत्याही चित्रातून उत्तर मिळेना. प्रत्येक चित्रावर आकाश पाटीसारखे काळेनिळे, ढग पिंजलेल्या कापसाप्रमाणे फुगलेले. भिंतीची वीट न् वीट मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. ओट्याखालचा कोपरा आणि गच्चीवरचे ऊन एकाच तेजाने झगमगणारे. फुलवालीच्या टोपलीतील झेंडू जितका चमकत होता, तितकाच तिच्या पायाशी पडलेला कचराही चमकत होता. शेजारी उभ्या असलेल्या तरुण छायाचित्रकाराला आम्ही याचे कारण विचारले. तो अभिमानाने म्हणाला, "सगळं एचडीआर केलंय, सर. सावलीतलं काही म्हणजे काही वाया जाऊ दिलं नाही."

त्याचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. सावलीतले 'वाया' जाते, ही समजूत या पिढीच्या मनात कोणी रुजवली? त्या समजुतीविरुद्ध हा लेख आहे.

ज्यांना या तंत्राचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. भर दुपारच्या उन्हात रस्त्यावर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. त्याच रस्त्याला लागून असलेल्या दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात पुष्कळदा तो शंभर लक्सही नसतो. म्हणजे एकाच दृश्यात हजारपटींचे अंतर. उलट, छापील कागदावरील सर्वांत शुभ्र आणि सर्वांत काळी जागा यांमधील अंतर मोठ्या मुश्किलीने शंभरपटींच्या आसपास भरते. हजार शंभरात कसे बसवावे, हा छायाचित्रणाचा जन्मापासूनचा पेच आहे. उन्हाकडे पाहून कॅमेरा लावावा तर सावली काळीठिक्कर पडते. सावलीकडे पाहून लावावा तर ऊन जळून पांढरेफटक होते.

या पेचावर उपाय शोधण्याचा यत्न आजचा नाही. फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास सागराची चित्रे काढताना समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापले होते. पुढे १९९७ साली अमेरिकेतील बर्कली येथील पॉल डेबेव्हेक आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी जितेंद्र मलिक यांनी संगणकाच्या साहाय्याने याच कल्पनेला गणिती शिस्त दिली. एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजरची अनेक चित्रे घ्यायची आणि त्यांतून प्रत्येक बिंदूवरील खऱ्या प्रकाशाचे प्रमाण काढायचे, अशी ती रीत. त्यांच्या उदाहरणांत स्टॅनफर्ड येथील एका चर्चचा अंतर्भाग होता. तीस सेकंदांपासून एका सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत एक्स्पोजर बदलत घेतलेली सोळा चित्रे त्यासाठी एकत्र केली होती. रंगीत काचांची खिडकी जळू नये आणि अंधारातील लाकूडकामही हरवू नये, यासाठी याहून योग्य उपाय नव्हता. यालाच 'हाय डायनॅमिक रेंज', म्हणजे प्रकाशाच्या विस्तृत पल्ल्याचे छायाचित्रण, अथवा थोडक्यात एचडीआर असे म्हणतात.

तेव्हा आमचे भांडण त्या संशोधकांशी नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. जुन्या वास्तूची नोंद करायची आहे, मंदिराच्या गाभाऱ्याचे वा चर्चच्या वेदीचे काम अभ्यासकांसाठी टिपायचे आहे, खोताच्या वाडीतील एखादे घर पडण्यापूर्वी त्याची तुळई आणि फरशी जपून ठेवायची आहे. अशा कामी हे तंत्र वरदानच आहे. आमचे भांडण सुरू होते ते त्यानंतरच्या टप्प्यावर. गोळा केलेला तो विस्तृत प्रकाश पुन्हा कागदाच्या वा पडद्याच्या तोकड्या पल्ल्यात कोंबावा लागतो. त्या क्रियेला 'टोन मॅपिंग' म्हणतात. त्यात पुष्कळदा चित्राचा एकेक भाग आपल्या शेजाऱ्याशी ताडून पाहिला जातो. अंधाऱ्याला उचलायचे, उजळाला दाबायचे, आणि दोघांनाही जवळजवळ एका पातळीवर आणून बसवायचे. हे प्रमाणात केले तर दिसतही नाही. पण प्रमाण सुटले की ऊन आणि सावली यांचे नातेच तुटते, आणि शहराच्या रोजच्या जीवनाची कथा तर त्या नात्यातच लिहिलेली असते.

हे विधान अलंकारिक वाटेल, म्हणून एक साधा दाखला देतो. मे महिन्याच्या दुपारी मुंबईतील एखाद्या बसथांब्याकडे पाहावे. छप्पर मोडलेले वा मुळातच नाही. पंधरा-वीस माणसे उभी आहेत, पण ती पदपथावर विखुरलेली नाहीत. एकामागे एक, एका अरुंद तिरप्या रेषेत उभी आहेत. ही रांग बससाठी नाही. विजेच्या खांबाची जेमतेम वीतभर रुंदीची सावली पदपथावर पडली आहे आणि माणसे तिच्यात उभी आहेत. सूर्य सरकतो तशी ती रांगही सरकते. पुढची वृद्धा अर्धे पाऊल बाजूला होते, मागचे सगळे अर्धे पाऊल बाजूला होतात. आमच्या शहराच्या उन्हाविषयी, त्याच्या नियोजनाविषयी आणि त्यातील माणसांच्या मुकाट समजूतदारपणाविषयी याहून बोलके दृश्य आम्हांला ठाऊक नाही. आता या दृश्याचे तसले चित्र काढा. खांबाची सावली उचलली जाईल, पदपथ सर्वत्र सारखा उजळेल, आणि चित्रात उरतील वीस माणसे, जी काही कारण नसताना एका तिरप्या रेषेत उभी आहेत. तपशील एकही गेला नाही. केवळ अर्थ गेला.

दुसरा दाखला महंमद अली मार्गाचा. २००२ साली जे. जे. रुग्णालयापासून त्या मार्गावरून जाणारा सुमारे अडीच किलोमीटरांचा उड्डाणपूल खुला झाला. वरून मोटारी सुसाट निघाल्या आणि खालची दुकाने व पदपथ कायमचे त्याच्या सावलीत गेले. त्या रस्त्याचे कोणतेही प्रामाणिक चित्र हे पुलावरच्या उन्हाचे आणि पुलाखालच्या काळोखाचे चित्र असले पाहिजे. कारण सोय कोणाची झाली आणि किंमत कोणी दिली, हे तेथे प्रकाशच सांगतो. झगमगीत चित्रात पूलही उजळ, पुलाखालची टोप्यांची आणि अत्तरांची दुकानेही उजळ. पाहणाऱ्याला वाटावे, सारे कसे छान नांदत आहे!

मराठी भाषेने या कलेला 'छायाचित्रण' म्हटले आहे. पाश्चात्त्यांच्या मूळ शब्दात प्रकाशाने लिहिणे आहे. आपण त्याच क्रियेकडे पाहिले आणि आपल्याला छाया दिसली. छाया म्हणजे सावली आणि छाया म्हणजे प्रतिमाही. नाव कोणत्याही हेतूने दिले गेले असो, त्यात एक शहाणपण आहे. प्रकाश कोठून आला, किती आला आणि कोणापर्यंत पोहोचला नाही, हे सावलीवाचून समजत नाही. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये कॅराव्हाज्जोने १५९९-१६०० साली रंगवलेले 'संत मत्तयाला पाचारण' हे चित्र आमच्या पुष्कळ वाचकांनी निदान छापील प्रतीत पाहिले असेल. तेही एका अर्थी शहरातील रोजचेच दृश्य आहे: टेबलाभोवती बसलेली माणसे, पुढ्यात नाणी. चित्राचा मोठा भाग अंधारात आहे, ख्रिस्ताची आकृतीदेखील बरीचशी अंधारात आहे. उजवीकडून येणारा तिरपा प्रकाश भिंतीवरून त्या माणसांच्या चेहऱ्यांवर पडतो आणि एकजण तरीही मान खाली घालून पैसेच मोजत राहतो. तो अंधार उजळून टाकला तर हिशेब करणाऱ्यांची एक खोली शिल्लक राहील. पाचारण नाहीसे होईल.

टोन मॅपिंगचा अतिरेक झाला की आणखी एक चमत्कार घडतो. काळ्या वस्तूच्या कडेने, आकाशाच्या पार्श्वभूमीवर, एक फिकट कडे उमटते. इंग्रजीत त्याला जे नाव आहे तेच संतांच्या मस्तकामागील तेजोवलयालाही आहे. आमच्या चित्रकारांनी शतकानुशतके ते वलय मोठ्या काटकसरीने वापरले. त्या सभागृहात मात्र आम्हांला विजेचे खांब, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे मनोरे आणि एक सार्वजनिक शौचालय इतक्या सर्वांना ते सहज लाभलेले दिसले. संतपद इतके स्वस्त पूर्वी कधी झाले नव्हते.

विनोद बाजूला ठेवू, कारण पुढची गोष्ट विनोदाची नाही. पाटीत झोपलेल्या त्या हमालाचे चित्र आम्ही बराच वेळ पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरील सुरकुती न् सुरकुती ओतीव पितळेसारखी कोरून काढली होती. पायाच्या भेगा, गंजीफ्रॉकावरचा मळ, पाटीचा वेत, सारे दागिन्यासारखे लखलखत होते. लोक म्हणत होते, "काय टेक्श्चर आहे!" एका माणसाच्या थकव्याला पोत म्हणून दाद मिळत होती. भिंतीची ओल, गटाराचा काठ आणि माणसाची कातडी यांना एकाच मापाने धारदार करणारे तंत्र गरिबीला शोभेची वस्तू करून सोडते. पाहणाऱ्याला त्या हमालाविषयी काही वाटत नाही. त्याच्या पृष्ठभागाविषयी वाटते. याच शहरात सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली आहेत. ती पाहताना पोताची आठवणही होत नाही. त्यांत अंधार आहे, आणि तो अंधार त्या कामगारांच्या कामाचा अंधार आहे. तो पुसला असता तर त्या चित्रांपुढे कोणाचीही मान खाली गेली नसती.

कोणी म्हणेल, अहो, यात खोटे ते काय? नसलेले काही आणून जोडले का? नाही, हे आम्ही मान्य करतो. पण केवळ जोडतोड न करणे म्हणजे सत्य सांगणे नव्हे. स्वीडनच्या पॉल हॅन्सन यांच्या छायाचित्राला २०१३ साली 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१२ साली गाझा शहराच्या एका गल्लीतून दोन लहान मुलांचे मृतदेह खांद्याशी धरून नेणाऱ्या माणसांचे ते चित्र होते. गल्लीतील प्रकाश इतका चित्रपटासारखा दिसत होता की, अनेक चित्रे जोडून ते बनवले असावे, असा जाहीर आरोप झाला. आयोजकांनी तज्ज्ञांकडून मूळ फाइल तपासून घेतली. चित्र जोडलेले नव्हते. रंग आणि छटा मात्र ठिकठिकाणी कमी-अधिक केलेल्या होत्या. छायाचित्रकार निर्दोष ठरला, आणि ते योग्यच झाले. परंतु आम्हांला लागून राहिली ती दुसरीच गोष्ट. दोन मुले खरोखर मेली होती, ते पुरुष खरोखर आक्रोश करीत होते, आणि जग चर्चा करीत बसले ती प्रकाशाच्या खरेपणाची. अति झगमगाटाने खऱ्या दुःखावरही संशयाची सावली पडते, ती अशी.

आता या पंथाच्या समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. ते म्हणतात, मानवी डोळा कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ समर्थ आहे. उन्हात उभे राहूनही आपल्याला दुकानाच्या आतले दिसते. मग चित्रात ते का दिसू नये? काळी पडलेली सावली ही कॅमेऱ्याची दुर्बलता आहे, वास्तव नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. साधा कॅमेरा म्हणजे सत्याचा काटा, असे आम्ही कधीच मानले नाही. परंतु डोळा हे सारे एकदम पाहत नाही. तो उन्हाकडे वळतो तेव्हा बाहुली आकसते, सावलीकडे वळतो तेव्हा ती विस्फारते, आणि भर उन्हातून अंधारात शिरल्यावर डोळ्यांच्या पडद्याला रुळायला काही मिनिटे लागतात. त्या काही मिनिटांत आपण चाचपडतो, हात पुढे करतो, भिंत शोधतो. हे चाचपडणेही पाहण्याचाच भाग आहे. सगळे एकदम, कष्टावाचून आणि सारख्याच स्पष्टतेने दाखवणारे चित्र डोळ्याचा अनुभव सांगत नाही. डोळ्याला कधीही न आलेला अनुभव तो डोळ्याच्या नावावर खपवतो.

त्या चाचपडण्याची किंमत काय असते, हे आम्हांला एका जिन्यावर कळले. आमच्या परिचयाच्या एक मावशी शहराच्या पूर्व भागातील एका पुनर्वसन इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. शेजारची इमारत इतकी जवळ की, सकाळी अकरा वाजताही जिन्यावर पायरी दिसत नाही. दिवा कित्येक महिने बंद. मावशी एकदा पडल्या, गुडघा सुजला. नातवाने मोबाइलवर जिन्याचे चित्र काढले आणि अर्जासोबत एका कार्यालयात नेऊन दाखवले. तेथील साहेबांनी मोबाइल हाती घेतला आणि म्हणाले, "मावशी, उजेड तर चांगला दिसतोय की!" साहेबांना आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. चित्रात उजेड खरोखरच होता. पायऱ्या, कठडा, भिंतीवरची पानाची पिंक, सारे लख्ख दिसत होते.

हा उजेड आला कोठून? आयफोनमध्ये २०१० साली एचडीआरची सोय आली, तेव्हा ती स्वतः चालू करावी लागे आणि साधे चित्रही सोबत जपून ठेवता येई. आज बहुतेक मोबाइल न विचारता एका क्षणात अनेक चित्रे घेतात, ती जोडतात आणि सावली उचलून मोकळे होतात. २०१८-१९पासून रात्रीच्या अंधारालाही याच रीतीने उजळणारी सोय घरोघरी पोहोचली. वाढदिवसाच्या चित्रात ती सुखदच असते. परंतु काळोख हीच ज्याची तक्रार आहे, त्याच्या हातातील साक्षीदाराची जबानी ती बदलून टाकते. प्रदर्शनातला तरुण निदान आपण काय करतो हे जाणून करीत होता. मावशींच्या नातवाला कोणी विचारलेही नाही.

पुढे आम्ही स्वतः जुना कॅमेरा घेऊन गेलो, हाताने एक्स्पोजर ठरवले आणि चित्र काढले. वरच्या झरोक्याचा एक पांढरा चौकोन, कठड्याची एक पुसट रेघ आणि बाकी काळोख. यावर प्रतिपक्ष म्हणेल की, असे चित्र मुद्दाम अधिक काळे करूनही खोटे बोलता येते. येते खरे. पण ते काळे किती असावे, हे त्या जिन्यावर उभे राहून आम्ही ठरवले, आणि कोणी विचारले तर त्याचे उत्तर द्यायला आम्ही आहोत. मोबाइलने केलेल्या उजेडाचे उत्तर कोण देणार? पंधरा दिवसांनी जिन्यावर दिवा लागला. आमच्या चित्रामुळेच लागला, असा आमचा दावा नाही.

हा एका जिन्याचा प्रश्न असता तर एवढी शाई खर्च केली नसती. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरांवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही आणि त्याचा तेथील क्षयरोगाशी संबंध आहे, हे २०१८ साली पुढे आलेल्या अभ्यासाने दाखवून दिले. त्या गल्ल्यांत काळोख ही सौंदर्याची बाब नाही आणि तंत्राची उणीवही नाही; तो आजाराचे कारण आहे. उद्या कोणी हौशी कलावंत वा इमारत बांधणाऱ्याचा माहितीपत्रक-छायाचित्रकार तेथे जाऊन झगमगीत चित्र काढील, आणि ज्या घरात दुपारीही दिवा लावल्यावाचून डाळ निवडता येत नाही, ते घर चित्रात हवेशीर आणि उजळ दिसेल. मग तेथील माणसांनी आपला अंधार सिद्ध करायचा तरी कशाने?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. प्रदर्शने आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी अनेक चित्रे जोडून केलेल्या कृतीखाली तसे स्पष्ट लिहावे. वृत्तपत्रांनी शहराच्या बातमीसोबत असे चित्र छापताना दोनदा विचार करावा. पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना मोबाइलमध्ये एक्स्पोजर हाताने कमी-अधिक कसे करावे, एवढे तरी शिकवावे; बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर बोट ठेवून ते करता येते. आणि आमच्या तरुण छायाचित्रकार मित्रांनी, ज्यांच्या मेहनतीविषयी आम्हांला मनापासून आदर आहे, कॅमेरा उचलण्यापूर्वी क्षणभर सावलीकडे पाहावे: ती कोणाची आहे, तिच्यात कोण उभे आहे आणि कोणाला तिच्यातून बाहेर पडता येत नाही.

प्रदर्शनातील त्या तरुणाला आम्ही मावशींच्या जिन्याची हकिकत सांगितली आहे. पुढच्या वेळी तो त्या जिन्याचे चित्र लावणार आहे, जितका काळोख आहे तितका ठेवून. त्या चित्रापुढे लोक फार वेळ थांबणार नाहीत, अशी त्याला भीती वाटते. आम्ही त्याला सांगितले, आम्ही थांबू. वाचकहो, आपणही यावे.